मी वाचून दाखवलेलं कलम

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, सख्ख्या भावाच्या नाही. पाच वर्षं झाली. दडवून ठेवायला फार कष्ट पडले असंही नाही, कारण कुणी विचारलंच नाही. ज्यानं विचारायला हवं होतं त्याचा माझ्यावर विश्वास होता. अजून आहे. तिथंच सगळं अडलंय. आज तुम्हाला मित्र समजून सांगायला बसलोय, आणि पहिल्याच ओळीवर अर्धा तास गेला.

आधी मी कोण ते सांगतो. मी मोजणीदार. शेतजमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, नकाशे काढायचे — या कामात सव्वीस वर्षं झाली. दोन भावांच्या बांधावर चार बोटांचा फरक निघाला तर मी साखळी पुन्हा टाकतो. ऊन बघत नाही, कुणाचा चेहरा बघत नाही. लोक मला हट्टी म्हणतात, पण माझ्या मोजणीवर पुन्हा मोजणी लागली असं दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा माझाच आकडा कायम राहिला. मी आकडा फिरवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट — मला उर्दू येतं. माझी शाळा पोलिस ॲक्शनच्या आधीची, निजामाच्या अमलातली. शिक्षण उर्दूतून झालं. आपल्याकडचे जुने नकाशे, दस्त, वाटण्यांचे कागद सगळे त्याच लिपीत. माझ्या मागून शिकलेल्यांना ते वाचता येत नाहीत. म्हणून लोक कापडात गुंडाळलेले कागद घेऊन रविवारी माझ्या ओट्यावर यायचे. "भाऊसाहेब, आज्याच्या नावावर काय लिव्हलंय बघा जरा." मी वाचून अर्थ सांगायचो. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आज्याच्या नावावर काही नसलं तर तेही सांगायचो, माणूस तिथंच रडायला लागला तरी.

हे सगळं बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे केलं ते याच्याच जोरावर केलं, म्हणून सांगतो.

जालन्यात आमचं घर आहे. मागं आम्ही राहतो. पुढं रस्त्याला लागून दोन खोल्या — एक अकरा फूट बाय नऊ, दुसरी नऊ बाय आठ. अंगणातला नळ दोघांत एक. दुष्काळाच्या साली मार्चमध्ये त्या खोल्या मी किसन साळवे यांना भाड्यानं दिल्या. साळवे हिवताप खात्यात होते. सायकलवर खेडोपाडी फिरून तापकऱ्यांच्या बोटातलं रक्त काचेवर घ्यायचं, आणि घराच्या दाराशेजारी भिंतीवर भेटीची तारीख लिहायची, हे त्यांचं काम. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. ते हसून म्हणायचे, "भाऊसाहेब, माझ्या हातची तारीख आख्ख्या तालुक्यात दारोदार हाय. फकत दाराच्या आत जायचं तेवढं राह्यलंय." सोबत बायको शांताबाई, आणि एकुलती एक मुलगी विमल.

त्यांना जागा दिली याचा मला अभिमान होता. कचेरीत मी तो दोन-चारदा बोलूनही दाखवला. मी जात मानत नाही, असं मी म्हणायचो. त्यांच्या घरचा चहा मी प्यायलो होतो — चार वेळा. चार वेळा, हे मी मोजून ठेवलं होतं. बाकी कुणाच्या घरचा चहा मी असा मोजलाय?

कागद अकरा महिन्यांचा केला, सगळे करतात तसा. तो संपला तेव्हा स्टँपवर दुसरा अकरा महिन्यांचा केला. तोही डिसेंबरच्या एकतीस तारखेला संपणार होता. बावीस महिन्यांत साळव्यांनी भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढं जाऊ दिलं नाही. भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारून ठोकला.

विमलचं ते मॅट्रिकचं वर्ष. शेतकरी कुळातल्या आमच्या घरात तोवर एकही मुलगी मॅट्रिकपर्यंत पोचलेली नव्हती. माझी स्वतःची थोरली सातवीनंतर घरी बसली होती. विमल संध्याकाळी ओट्यावर पाटी-वही घेऊन बसायची आणि भूमितीत अडलं की मला विचारायची. मी तिला त्रिकोणाचं क्षेत्रफळ शेत मोजतात तसं शिकवलं. ती ते लगेच उचलायची. एकदा माझ्याच बेरजेतली चूक दाखवली — "काका, इथं हातचा राह्यला." मी बायकोला आत जाऊन सांगितलं, ही पोरगी पास होणार, आणि नुसती पास नाही. साळव्यांच्या घरात त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. शांताबाई नळावरसुद्धा हळू बोलायच्या, पोरगी वाचतीय म्हणून.

आता मी मुद्द्याजवळ येतोय आणि पुन्हा बाजूला सरकतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

डिसेंबरात माझ्या थोरलीसाठी स्थळ आलं. बायकोचे मामा मधे होते. मुलाकडचे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घर बघायला येणार असं ठरलं. मामा त्याआधी, डिसेंबरातच, एकदा पाहणी करून गेले. अंगणात उभं राहून त्यांनी पुढच्या खोल्यांकडे मान वळवली.

"हितं कोन राह्यतंय?"

मी सांगितलं. आडनावही सांगितलं.

मामा सुपारी कातरत होते, ते थांबले. म्हणाले, "जावई, तुमी लई मोठ्या मनाचे हाव, मला ठावं हाय. पन पाव्हणे पुढच्या दारानं येनार. पयल्यांदा त्यांना कोन दिसनार?" आणि पुन्हा कातरू लागले.

मी त्यांना काय उत्तर दिलं? काहीच नाही. हा माझा पहिला भित्रेपणा, पण कबुली याची नाही. असं तर पुष्कळांच्या हातून होतं.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका वकिलाकडे गेलो. मुदत संपतेय, भाडेकरू काढायचाय, एवढंच सांगितलं. ते हसले. "मोजणीदार, कागदावर अकरा महिने लिव्हा न्हाई तर अकरा दिवस, मुदत संपली म्हणून भाडेकरू निघत नसतो. भाडं बराबर देतो?" देतो म्हटलं. "दुसऱ्याला ठिवलंय आत? मोडतोड?" नाही. "मंग काय? तुमाला सोताला जागा पाहिजे असंल तर अर्ज करा, गरज शाबीत करा. हुकूम होईस्तवर तो तिथंच राह्यतो, पयल्याच भाड्यात. साल तर कुठंच गेलं न्हाई." मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाले, "आपल्या पायानं निघाला, तर बात अलग."

म्हणजे मला कायदा माहीत होता. गैरसमज नव्हता, अर्धवट ऐकीव माहिती नव्हती. मी विचारून, समजून, पक्कं करून घेतलं होतं — मी सगळंच पक्कं करून घेतो. आणि घरी येईपर्यंत डोक्यात ते शेवटचं वाक्य तेवढं उरलं होतं.

मी साळव्यांना सांगितलं की यंदा कागद पुढं वाढवणार नाही, एकतीस तारखेला खोल्या मोकळ्या हव्यात. ते सायकलचं हँडल धरून उभे होते. मान हलवून त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि आत गेले. एकतीस तारखेपासून परीक्षेचा पहिला पेपर एकोणसत्तर दिवसांवर होता. हा हिशेब मी तेव्हाच केला होता. नंतर नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते माझ्याकडे आले. हातात स्टँपचा कागद, सोबत विमल. मी ओट्यावर होतो.

"भाऊसाहेब, राग मानू नका," साळवे म्हणाले. "हापिसात एक जन म्हनून राह्यलाय का मुदत संपली तरी एकदम काढता येत न्हाई, तसा कायदाच हाय म्हून. मला त्यातलं कळत न्हाई. तुमाला कळतं. तुमी खरं-खोटं काय ते सांगा. तुमी सांगितलं का मी दुसऱ्या कुनाला इचारनार न्हाई."

वकिलाला विचारून बघा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला माहीत नाही, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते निदान नुसतं टाळणं ठरलं असतं. गप्प बसलो असतो तरी आज मी तुमच्यापुढं असा बसलो नसतो.

मी उठलो आणि आत गेलो. माझ्या कपाटात मोजणी खात्याचं एक जुनं उर्दू पुस्तक आहे — साखळी कशी धरावी, खुणा कशा गाडाव्या, वह्या कशा लिहाव्या याच्या नियमांचं. काळ्या पुठ्ठ्याचं, जाड. ते घेऊन मी बाहेर आलो आणि म्हणालो, घरभाड्याचा कायदा हैदराबाद राज्यातला आहे, तो यात आहे.

मग मी पान उघडलं आणि वाचलं. मोठ्यानं, नीट, उर्दूतूनच, जे छापलं होतं तेच. दोन ओळी. आणि मग अर्थ सांगितला — मुदतीचा करार असेल तर मुदत संपते त्या दिवशी भाडेकरूचा हक्क संपतो. मालकानं नव्यानं लिहून दिल्याशिवाय त्याला राहता येत नाही.

असं त्यात काही नव्हतं. काय होतं ते मला पाठ आहे. पावसाळ्याआधी साखळीच्या कड्यांना तेल लावावं आणि ती कोरड्या जागी टांगून ठेवावी, असं होतं.

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पण एवढ्यावर संपत नाही. विमल पुढं झाली. म्हणाली, "काका, कुठली वळ?" तिला शंका आली होती का? मला तसं वाटत नाही. तिला सवय होती. मी तिला शिकवताना कोणतंही उत्तर दाखवल्याशिवाय मान्य करू नये असं सांगायचो. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. ती वाकली. डावीकडून बघायला लागली, मग थांबली. "उजवीकडून वाचतेत ना?" मी मान हलवली. तिनं उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत ती ओळ पाहिली — सावकाश, अक्षर अक्षर, जणू बघत राहिलं तर समजेल. मग ओट्यावर ठेवलेल्या स्टँपच्या कागदाची घडी घातली आणि बापाच्या हातात दिली.

साळवे म्हणाले, "झालं मंग. कायदाच तसा हाय तर आपुन काय करनार?" आणि मग घुटमळून — "भाऊसाहेब, मेहरबानी म्हून मागतो. परीक्षा होऊ द्या. पोरीचा लास पेपर झाला का दुसऱ्या दिवशी चावी तुमच्या हातात."

तुमच्या लक्षात येतंय का मी काय केलं? हक्कानं राहू शकणारा माणूस माझ्यासमोर हात जोडून मेहरबानी मागत होता. हक्क मला नाकारता आला नसता. मेहरबानी नाकारता आली. मी म्हणालो, पाहुणे आहेत, नाइलाज आहे. आवाज चढवला नाही. मला वाईट वाटतंय असंही म्हणालो.

पुढचे पंधरा दिवस साळवे कामावरून आले की सायकल फिरवत जागा शोधायचे. परत आल्यावर अंगणात मला सांगायचे, मी विचारलं नसतानाही. एकदा म्हणाले, "आज तीन घरं बघितली. दोन ठिकानी आडनाव सांगेस्तवर खोली रिकामी व्हती." आणि स्वतःच हसले. मी हसलो नाही, पण नजरही उचलली नाही. मी मोजत होतो. एकोणीस घरं झाली. एकोणिसाव्यानंतर त्यांनी सांगणं बंद केलं. पंधरा दिवसांत रोज मला तोंड उघडता आलं असतं. रोज एकदा धरलं तरी पंधरा संध्याकाळी.

एकतीसला त्यांनी खोल्या रिकाम्या केल्या. भिंतीतले खिळे उपटून भोकं मातीनं बुजवली, वर चुन्याचा हात मारला. शहागडकडे जाणाऱ्या एका ट्रकवर सामान चढलं. तिकडं गोदावरीकाठी त्यांचं गाव. भावाच्या घरात एक पडवी होती. बायको आणि पोरगी तिकडं जाणार, आणि ते स्वतः इथं एका सोबत्याच्या खोलीत पथारी टाकणार असं ठरलं. मधे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. विमलनं माझी कंपासपेटी आणून दिली, मी तिला वापरायला दिलेली. राहू दे तुझ्याकडे, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी ती घेतली. उघडून आत सगळं आहे ना, तेही पाहिलं.

ट्रक गेल्यावर बायको दारात उभी होती. "असे कसे गेले हो? दोन महिन्यांवर परीक्षा आली पोरीची. कुठं मन दुखलं का त्यांचं?" मी म्हणालो, त्यांची काही घरची अडचण असेल. ती अजून तेच धरून चाललीय. कधी विमलचा विषय निघाला तर म्हणते, घाई केली त्यांनी.

पाहुणे आले. पुढच्या दारानं आले आणि रिकाम्या खोल्यांवरून सरळ मागं गेले. पुढं कोण राहतं, कोण राहत होतं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि त्यानंतर आजतागायत विचारलेलं नाही. लग्न जमलं. माझी मुलगी सुखात आहे, दोन नातवंडं आहेत. म्हणून तर मला असंही म्हणता येत नाही की हे व्यर्थ गेलं. माझं काम झालं.

तुम्ही म्हणाल, जातीमुळे केलं का? मामांमुळे? मुलीसाठी? मी सगळी उत्तरं तपासून पाहिली आहेत. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, पण कुठलंच पूर्ण भरत नाही. मामांनी मला पुस्तक उघडायला सांगितलं नव्हतं. मुलीनं सांगितलं नव्हतं. माझ्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात हे मला माहीत होतं, आणि तो विश्वास एकदा वापरून बघितला. अगदी सोपं गेलं. हे सांगायला सगळ्यात जड जातंय — किती सोपं गेलं.

दोन वर्षांनी साळवे मला जालन्याच्या बसस्टँडवर भेटले. त्यांनीच लांबून हाक मारली. केस पिकले होते, पण हसणं तेच. चला, चहा घेऊ म्हणालो. बाकावर बसल्यावर मी विचारलं, विमल?

"दिली," ते म्हणाले. "अंतरवालीकडं दिली. कापूस येचायला जातीय. बरं हाय."

आणि परीक्षा?

"कुठली परीक्षा, भाऊसाहेब. फारम भरल्ता, पन त्या पडवीत थंडी अशी लागली का हिची आई फेब्रुवारीत आंथरुनाला खिळली. खोकला थांबंना. पोरगीच सयपाक, पानी, समदं बघू लागली. मी हितं. पेपराच्या दिवशी मी सायकल घिऊन ष्ट्यांडवर उभा व्हतो, म्हनलं येती का काय. तीन गाड्या बघितल्या." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "मंग एकदा राह्यलं ते राह्यलंच. पुढच्या साली बसायचं म्हनली व्हती. तवर सोयरीक आली."

मी माझी बशी खाली ठेवली. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं. ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी कशाला मनाला लावून घेता? तुमचा काय दोष? तुमी तर कायदा काढून दाखवला. दुसरा असता तर सामान बाहेर फेकलं असतं. मी सगळ्यांना सांगतो, मालक असावा तर असा, सरळ बोलनारा. पोरगी बी तुमची लई आठवन काढती."

त्यांची शहागडची गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती. मी घड्याळ पाहिलं होतं. समोर तेच बसले होते, तिसरं कुणी नव्हतं, आणि चार वाक्यांत सगळं सांगून झालं असतं.

मी त्यांना आणखी एक चहा सांगितला. गाडी लागली तेव्हा त्यांची पिशवी उचलून वर दिली, खिडकीजवळ जागा मिळाली का ते पाहिलं, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत उभा राहिलो.